भाव विचारून येणारा यांत्रिक गडी



हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून घरात आली की कृष्णाकाठच्या घरोघरी एकच खल सुरू होतो. आता द्यायची, की ठेवायची? ३१ मार्चच्या आत सोसायटीचे कर्ज फिरवायचे असते. कुठे मुलाच्या फीचा हप्ता असतो, कुठे लग्नाची तारीख धरलेली असते. शेजारी सांगतो, थांबा, पावसाळ्यात भाव चढेल. अडत्या सांगतो, आवक वाढायच्या आत देऊन मोकळे व्हा. घरची कारभारीण म्हणते, निम्मी द्या आणि निम्मी ठेवा. बहुतेक वेळा तिचेच खरे ठरते, पण ते कोणी कबूल करीत नाही.

अलीकडे या खलात आणखी एक जण येऊन बसला आहे. पुण्याला शिकणारा मुलगा सुट्टीत घरी येतो, मोबाइल पुढे धरतो आणि म्हणतो, "दादा, याला विचारू. हा पुढचा भाव सांगतो." वाळव्यापासून कोरेगावापर्यंत कुठल्याही बैठकीत हल्ली हा प्रश्न निघतोच. यंत्र सांगते ते खरे मानायचे का? म्हणून आजच्या लेखात या यांत्रिक गड्याची ओळख करून घेऊ. तो भाव कुठून आणतो, त्याला काय विचारावे आणि त्याच्या हाती काय देऊ नये, एवढे नीट समजले म्हणजे पुरे.

पुढचे जाणण्याची ओढ

पुढचे जाणून घेण्याची ओढ आपल्याला नवी नाही. बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. मांडलेल्या धान्यावरून पीकपाणी कसे राहील ते दुसऱ्या दिवशी सांगतात. शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या यात्रेतली भाकणूक ऐकायला आपल्याकडचीही माणसे जातात. ही श्रद्धेची गोष्ट झाली. तिच्यात मी शिरत नाही.

पैसे लावून अंदाज करण्याची चालही जुनीच आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत आणि कलकत्त्यात पावसावर सट्टा चाले. पाऊस पडला की नाही, हे छपराच्या पन्हळीतून पाणी वाहिले की नाही यावर ठरे. त्यापायी घरेदारे बुडू लागली, तेव्हा बंगालमध्ये १८९७ साली कायदा करून तो सट्टा बंद केला. या गोष्टीतली पन्हळ मात्र ध्यानात ठेवा. पाऊस कशाला म्हणायचे हे आधी ठरल्याशिवाय पावसावर पैज लागत नाही. पुढे हाच मुद्दा कामी येणार आहे.

वायदा म्हणजे काय

सट्ट्याच्या शेजारीच, पण त्याहून वेगळा, असा वायदे बाजार आहे. आज माल हातात नाही; अमुक महिन्यात, अमुक प्रतीचा, अमुक इतका माल, अमुक भावाने देईन किंवा घेईन, असा करार म्हणजे वायदा. आपल्या देशात कापसाचे वायदे मुंबईत १८७५ सालापासून रीतसर होऊ लागले. हळदीच्या वायद्याला मान्यता असलेल्या जुन्या बाजारांपैकी एक तर खुद्द सांगलीतच होता. हरिपूरच्या पेवांत हळद भरलेली आणि शहरात पुढच्या महिन्यांचे सौदे चाललेले, असे चित्र आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिलेले आहे. २००५ च्या महापुरात त्या पेवांत पाणी शिरले आणि पुष्कळ पेवे निकामी झाली. वायद्याचे कामही तोवर सांगलीतून हलू लागले होते. डिसेंबर २००३ मध्ये मुंबईत एनसीडीईएक्स हा देशपातळीवरचा वायदे बाजार संगणकावर सुरू झाला आणि हळदीचा वायदा तिकडे गेला. २०१५ पासून शेतमालाच्या वायद्यांवर 'सेबी' या सरकारी संस्थेची देखरेख आहे.

आता आपल्या कामाची गोष्ट. मार्च महिन्यात ऑगस्टच्या वायद्याचा जो भाव दिसतो, तो म्हणजे घेणाऱ्या-देणाऱ्या सगळ्यांनी मिळून केलेला ऑगस्टचा अंदाज होय. त्यात गिरणीवाला आहे, निर्यातदार आहे, साठेबाज आहे, नुसता सटोडिया आहे. प्रत्येकाने आपापल्या माहितीवर आपला पैसा लावलेला आहे. फुकट सल्ला देणाऱ्यापेक्षा पदरचे पैसे लावणारा माणूस जास्त विचार करून बोलतो. म्हणून या अंदाजाला किंमत आहे.

पण किंमत आहे म्हणजे तो ब्रह्मवाक्य आहे असे नव्हे. २०१० साली हळद क्विंटलला १५ हजारांच्या वर गेली होती. २०१२ उजाडता उजाडता ती चार-पाच हजारांवर आली. २०२३ च्या मार्च-एप्रिलमध्ये भाव सात हजारांच्या आसपास होता आणि ऑगस्टपर्यंत तो दुपटीच्या वर गेला. मार्चमध्ये पाहिलेल्या वायद्याने त्या तेजीची वर्दी दिली नव्हती. लागवड किती घटली, पाऊस कसा होईल, हे तेव्हा कोणालाच पुरते माहीत नव्हते. जे माणसांना माहीत नाही ते बाजारालाही माहीत नसते.

होय-नाहीचा बाजार

वायद्याचाच एक नवा भाऊबंद परदेशात फोफावला आहे. तिथे मालाचा सौदा नसतो, प्रश्नाचा असतो. "अमुक तारखेपर्यंत अमुक गोष्ट घडेल का?" घडेल म्हणणारा 'होय' घेतो, न म्हणणारा 'नाही' घेतो. गोष्ट घडली तर 'होय'वाल्याला एक डॉलर मिळतो, नाही घडली तर शून्य. 'होय'चा भाव ६५ सेंट चालला असेल, तर बाजाराच्या मते ती गोष्ट घडण्याची शक्यता शंभरात ६५ आहे असे समजतात. याला अंदाजाचा बाजार म्हणू या. अमेरिकेत मका-सोयाबीनसाठी नावाजलेल्या आयोवा राज्यातील विद्यापीठाने १९८८ साली निवडणुकीवर असा बाजार अभ्यासासाठी चालवला. एकेका माणसाला त्यात पाच ते पाचशे डॉलरच लावता येत. आता पॉलिमार्केट, कल्शी अशा मोठ्या कंपन्या निघाल्या आहेत. निवडणूक, व्याजदर, हवामान असे हजारो प्रश्न तिथे मांडलेले असतात.

आपल्याकडेही मोबाइलवर असे 'होय-नाही' खेळ आले होते. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने लोकांना सावध केले की असे खेळ तिच्या देखरेखीखाली येत नाहीत आणि त्यात पैसे बुडाले तर गुंतवणूकदाराला मिळणारे कायद्याचे संरक्षण मिळणार नाही. त्यानंतर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास त्याने मनाई केली आणि पुरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद व एक कोटी रुपयांपर्यंत दंड ठेवला. तेव्हा कोणी पोरगा पारावर बसून "पावसावर दहा रुपये लावा, वीस मिळवा" म्हणत असेल, तर त्याला तिथेच थांबवा. असे आकडे वाचायला हरकत नाही, लावायला आहे.

यांत्रिक गडी कसा काम करतो

मोबाइलमधला हा मदतनीस म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा हरकाम्या आहे. पूर्वी यंत्राला विचारले की ते चार ठिकाणांची नावे पुढे करी आणि वाचायचे काम आपल्यावर सोडी. हा गडी स्वतः फिरतो, वाचतो, ताडून पाहतो आणि उत्तर घेऊन येतो. मुभा दिली तर सौदाही करून येतो. इंग्रजीत त्याला 'एजंट' म्हणतात. आपल्याकडे एजंट या शब्दाला जो वास आहे तो ध्यानात घेता मी त्याला गडीच म्हणेन.

या गड्यांसाठी आता खास शोधयंत्रेही तयार होऊ लागली आहेत. गड्याने विचारायचे, अमुक गोष्टीवर कुठे अंदाजाचा बाजार भरला आहे? शोधयंत्र निरनिराळ्या बाजारांतले प्रश्न धुंडाळते आणि त्यांची यादी भावांसह गड्याच्या हाती देते. काम झटपट होते यात शंका नाही. पण यात एक मोठी मेख आहे. नाव सारखे असले म्हणजे प्रश्न एकच असतो असे नाही.

अल निनोचे उदाहरण घ्या. यंदा अल निनो होईल का, असा प्रश्न एका बाजारात असेल. समजा, तिथे 'होय'ला ७० चा भाव आहे. गडी येऊन सांगेल, अल निनोची शक्यता शंभरात ७०. ऐकणारा घाबरून म्हणेल, म्हणजे यंदा दुष्काळ! पण त्या बाजारातला प्रश्न आहे प्रशांत महासागराचे पाणी किती अंशांनी तापेल याचा. जत-आटपाडीला किती मिलिमीटर पाऊस पडेल, हा प्रश्न तिथे कोणी विचारलेलाच नाही. १९९७ साली मोठा अल निनो होता, तरी देशाचा मोसमी पाऊस सरासरीच्या आसपासच झाला. उलट २०२३ साली अल निनो होता आणि तो ऑगस्ट १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पन्हळीची आठवण इथे ठेवा. कुठल्या छपराची पन्हळ, हे विचारल्याशिवाय उत्तर घेऊ नका.

आणि ७० म्हणजे १०० नव्हे. दहा वेळा असे ऐकले तर त्यातल्या तीन वेळा उलटे होणारच. बियाण्याच्या पिशवीवर उगवणक्षमता ७० टक्के लिहिलेली असेल तर आपण बियाणे जास्त धरतो. सगळे उगवेल असे समजून टोकण करीत नाही. अंदाजाशीही तसेच वागावे.

गड्याला विचारायचे पाच प्रश्न

गडी कुठलाही आकडा घेऊन आला, की त्याला पुढील पाच प्रश्न विचारा. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

१. कुठला बाजार, कुठले ठिकाण? एनसीडीईएक्सच्या हळदीच्या वायद्याचे मूळ ठिकाण तेलंगणातील निजामाबाद धरले जाते. सांगलीच्या सौद्यातला भाव वेगळा असतो. एकाला दुसऱ्याचा भाव समजू नये.

२. कुठली प्रत? हळकुंडाचा भाव की गड्ड्याचा? राजापुरी की सेलम? सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते तिच्या वेगळेपणामुळेच. आपल्या घरातला माल ज्या प्रतीचा आहे, त्या प्रतीचा भाव मागावा.

३. कुठले माप? अमेरिकेतल्या शिकागोचा सोयाबीनचा भाव सेंटमध्ये आणि बुशेलला असतो. सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो २०० ग्रॅम. क्विंटलचा हिशेब करायचा तर पावणेचार बुशेलांच्या जरा आत बसतो. गड्याला सांगावे, रुपये आणि क्विंटल यांतच सांग, आणि कसे केलेस तेही दाखव.

४. कुठली तारीख? हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. सेबीने २० डिसेंबर २०२१ रोजी सोयाबीन, हरभरा, गहू, मोहरी, मूग, भात आणि कच्चे पामतेल यांचे वायदे थांबवले आणि ती मुदत नंतर पुन्हा पुन्हा वाढवली. पण बंद पडलेल्या बाजाराची जुनी पाने संगणकावर तशीच पडून राहतात. गड्याने त्यातले एखादे उचलून आणले, तर २०२१ चा भाव तुम्ही आजचा म्हणून ऐकाल. बाजार आज चालू आहे का आणि शेवटचा सौदा कोणत्या दिवशी झाला, हे विचारलेच पाहिजे.

५. किती जणांनी, कितीचा सौदा केला? सांगलीच्या सौद्यात वीस खरेदीदार असले तर भाव रास्त निघतो. दोघेच असले तर ते म्हणतील तो भाव. अंदाजाच्या बाजाराचेही तसेच आहे. चार माणसांनी किरकोळ पैसे लावून काढलेला आकडा आणि हजारो सौद्यांतून निघालेला आकडा, दोन्ही पडद्यावर सारखेच ठसठशीत दिसतात. म्हणून उलाढाल विचारावी.

या पाचांच्या जोडीला एक ताकीद द्यावी: "बाजार सापडला नाही तर नाही म्हणून सांग." ही यंत्रे फार आज्ञाधारक असतात. उत्तर नसले तरी काहीतरी रचून, गोड भाषेत सांगण्याची त्यांना खोड आहे. सातारा जिल्ह्यातल्या आले-उत्पादकांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावे. कोरेगाव, कराड, सातारा या भागांत आल्याला एकरी लाखांनी खर्च होतो आणि भावाची चढ-उतार जीवघेणी असते. पण आल्याचा वायदा राष्ट्रीय वायदे बाजारात चालत नाही. तासगावच्या बेदाण्याचाही नाही, कोरेगावच्या वाघ्या घेवड्याचाही नाही. मग गड्याने "आल्याचा डिसेंबरचा भाव अमुक राहील" असे ठासून सांगितले, तर तो आकडा कुठल्या बाजाराचा, हे त्याला दाखवता येणार नाही. अशा वेळी "माहिती नाही" हेच प्रामाणिक उत्तर असते. ते ऐकून राग मानू नये. खोट्या आकड्यावर लावलेल्या एकरभर आल्यापेक्षा ते स्वस्त पडते.

फरकाची वही

हळद आणि इतर ज्या मालाचा वायदा चालू असेल, त्यासाठी एक साधे काम सुचवतो. शंभर पानी वही घ्या आणि दर शनिवारी तीन आकडे लिहा. पहिला, सांगलीच्या सौद्यातला आपल्या प्रतीचा हजर भाव. दुसरा, जवळच्या महिन्याचा वायद्याचा भाव. तिसरा, दोन्हींतला फरक. हे काम घरातल्या शाळकरी मुलीकडे द्यायला हरकत नाही. माझा अनुभव असा आहे की मुली वह्या जास्त नेटाने ठेवतात.

वर्षभरात तुम्हाला दिसेल की भाव खूप हलतो, पण फरक त्या मानाने कमी हलतो. आवकेच्या दिवसांत तो किती असतो, पावसाळ्यात किती, याचा ठोकताळा बसतो. मग वायद्यात अमुक भाव दिसला की आपल्या दारात साधारण काय पडेल, हे तुम्हीच सांगू शकाल. गड्याला देशभरचे आकडे माहीत असतील, पण तुमच्या हळदीचा, तुमच्या अडतीवरचा फरक या वहीतच असतो.

आता हिशेब कसा करावा ते पाहू. आकडे समजण्यापुरते धरले आहेत. मार्चमध्ये तुमच्या प्रतीचा हजर भाव १४,००० रुपये आहे. ऑगस्टचा वायदा पाहून आणि फरक वजा करून सांगलीला १४,८०० रुपये पडतील असे दिसते. क्विंटलमागे ८०० रुपये जास्त. मोह पडतो. पण थांबा.

पैशाची नड असेल तर माल ठेवून कर्ज काढावे लागेल. राज्य पणन मंडळाची शेतमाल तारण योजना बाजार समित्यांमार्फत चालते. तीत हळदीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज १८० दिवसांसाठी ६ टक्के व्याजाने मिळते. १४,००० च्या ७५ टक्के म्हणजे १०,५०० रुपये. त्यावर पाच महिन्यांचे व्याज सुमारे २६३ रुपये. ठेवलेल्या हळदीचे वजन समजा दोन टक्के घटले, तर २८० रुपये गेले. गोदामभाडे, विमा, हमाली यांना १०० रुपये धरा. एकूण ६४३ रुपये. ८०० मधून हे गेले तर हातात क्विंटलमागे १५७ रुपये उरतात. एवढ्यासाठी पाच महिने भाव पडण्याची जोखीम घ्यायची का, हा तुमचा प्रश्न आहे. पण आता तो तुम्ही डोळे उघडे ठेवून सोडवाल. सावकाराकडून महिना तीन टक्क्यांनी पैसे काढून माल ठेवणार असाल, तर त्याच १०,५०० रुपयांवर पाच महिन्यांचे १,५७५ रुपये व्याज होते. अशा वेळी माल ठेवण्यात अर्थच नाही. हे सांगायला यंत्र लागत नाही.

शोधू द्या, सौदा करू देऊ नका

शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत मोठा मुद्दा. गड्याला बाजारात धाडताना आपण म्हणतो, "भाव विचारून ये." सातबारा, पासबुक आणि अंगठा त्याच्याबरोबर धाडत नाही. या यांत्रिक गड्याशीही तोच व्यवहार ठेवा. त्याला बँकेचा पासवर्ड देऊ नका, ओटीपी सांगू नका, "तूच बघून सौदा कर" अशी मुभा देऊ नका. त्याने चूक केली तर ती तुमच्या खात्यावर पडते. त्याच्या नावाने ना सातबारा आहे, ना बायका-पोरे.

वायद्यात स्वतः उतरण्याविषयीही एक शब्द. एनसीडीईएक्सवर हळदीचा एक सौदा पाच टनांचा, म्हणजे ५० क्विंटलांचा असतो. क्विंटलला ६०० रुपये उलटे गेले की एका सौद्यात ३०,००० रुपये गेले, आणि त्याची अनामत त्या त्या दिवशी भरावी लागते. ज्याच्या घरी दहा-वीस क्विंटल हळद आहे, त्याने तेजी धरून वायदा घेतला तर तो दुहेरी अडकतो. भाव पडला की घरातला मालही उतरतो आणि वायद्यातही तोटा होतो. आपण शेतकरी तसेही एक मोठी पैज लावूनच बसलेलो असतो. मे-जूनमध्ये बेणे मातीत टाकले तेव्हाच ती लागली. वायद्याचा खरा उपयोग ही जोखीम कमी करण्याकडे आहे, आणि ते काम एकट्याने करण्यापेक्षा शेतकरी उत्पादक कंपनीने, जाणकाराच्या सल्ल्याने, सभासदांचा माल एकत्र करून करावे.

आणखी एक सूचना. गावात ज्यांच्याकडे चांगला मोबाइल नाही, त्यांना वगळून हे सगळे चालू नये. राज्याच्या कृषी विभागाने २०२५ मध्ये 'महाविस्तार' हे मराठीत बोलणारे ॲप काढले आहे. त्यात पीकसल्ला, हवामान आणि बाजारभाव एकत्र मिळतात. एकाने ते उघडावे आणि चौघांनी ऐकावे. सोसायटीच्या फळ्यावर दर शनिवारी फरकाच्या वहीतले तीन आकडे, तारखेसह, खडूने लिहून ठेवावेत. पूर्वी गावात एकच रेडिओ असे आणि सगळे गाव बातम्या ऐके. तशी सोय याचीही करता येते. उलट ज्याला एकट्याला आकडा कळतो तो बाकीच्यांचा माल स्वस्तात घेऊ लागतो, हेही आपण पाहिलेले आहे.

थोडक्यात सांगायचे तर, पुढचा भाव कोणालाच दिसत नाही. भेंडवळच्या घटाला नाही, मुंबईच्या वायद्याला नाही आणि मोबाइलमधल्या गड्यालाही नाही. गडी फार तर जगभरच्या माणसांचे अंदाज गोळा करून तुमच्या ओसरीवर आणून ठेवील. ते निवडायचे, पाखडायचे आणि त्यातला दाणा कोणता, फोल कोणते हे ठरवायचे काम आपले आहे. आणि सुपाने पाखडणे आपल्या घरातल्या बायांइतके कोणाला येते? तेव्हा हळद द्यायची की ठेवायची याचा खल करताना वही मधोमध ठेवा आणि कारभारणीलाही बरोबर बसवा. निम्मी द्यावी आणि निम्मी ठेवावी असे ती म्हणाली, तर हिशेब करून पाहा. कर्ज फिटते, घर चालते आणि उरलेल्या मालावर वाट पाहण्याची ताकद राहते. एवढे साधले तर भाव चढो की पडो, घर अडचणीत येत नाही.

येत्या शनिवारी वहीत पहिले तीन आकडे लिहा.